देवळाच्या पायरीवरची सुसर

बायकोच्या दहाव्याला घाटावर जमलेली माणसं म्हणाली, बाई गरीब होती. गाईसारखी होती. कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी खाली मान घालून बसलो होतो म्हणून ती माणसं वाचली, नाहीतर तिथंच विचारणार होतो, की बाबांनो, तुम्ही नेमक्या कुणाच्या दहाव्याला आलाय? माणूस गेलं की लगेच त्याची गाय करून टाकायची, ही काय रीत? माझी बायको गाय नव्हती. तिखट होती. डोळ्यानं तिखट आणि जिभेनं त्याहून तिखट. मला ती तशीच पाहिजे होती आणि तशीच आठवायची आहे. म्हणून लिहायला बसलोय.

लिहायची मला सवय नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण पलटणीत, म्हणजे डावा पाय उजवा पाय. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. सांगायचं आहे ते नदीवरच्या एका दुपारचं.

लढाईचे दिवस होते. सन चव्वेचाळीस असेल, नाहीतर पंचेचाळीस. आमचं गाव कृष्णेच्या काठावर. सकाळी गाडी जुंपून कुंडलच्या बाजाराला गेलं तर दिवेलागणीला परत येता यायचं, एवढ्या अंतरावर. घरोघरी ऊस आणि घरटी एक गडी फौजेत. माझं लग्न आदल्या रजेत झालेलं. अंगाची हळद उतरायच्या आत पलटणीची तार आली आणि मी गेलो तो पार मिसर देशात, म्हणजे इजिप्तला. पुढची रजा मिळाली ती संक्रांत झाल्यावर. नवरा-बायको म्हणायचे, पण मला तिचा चेहरा नीट आठवत नव्हता. येताना आगगाडीत बसून आठवायला बघायचो, दर वेळी नुसत्या मुंडावळ्याच दिसायच्या.

वेशीतून आत शिरलो तर भावकीतली एक काकू ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून लांबूनच ओरडली, "आलास व्हय रं लेकरा! बंदूक आणलीस का न्हाई?"

"बंदूक पलटणीत असती, काकू. का?"

"अरं, तुझ्या बायकूला ओंडकं मारायचं हायती. घाटावर सुसर दिसती तिला!" आणि अशी हसली की मांडीवरचं सूप कलंडलं.

मला काही कळलं नाही. घरी आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. माजघराच्या दाराआड हिरवं लुगडं हललं, तेवढंच बायकोचं दर्शन. जेवताना बापानंच विषय काढला. "सुनेला समज दे," म्हणाला. "गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई तिनं."

झालं होतं ते असं. आमच्या घाटावर कृष्णामाईचं लहानसं दगडी देऊळ आहे. मूर्ती झिजून गुळगुळीत झालेली, पण तिच्या पायाखाली लांबट काहीतरी कोरलेलं आहे, ती सुसर. सुसर म्हणजे मगर, आमच्याकडं सुसरच म्हणतात. खालच्या डोहात सुसरी होत्या, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण देवळाच्या पायरीला सुसर शिवत नाही, माईनं गावाला तसा शब्द दिलाय, असं पिढ्यान्पिढ्या मानत आलेले. त्या भरवशावर बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून धुणं धुवायच्या. आम्ही सगळी तिथंच पोहायला शिकलो. आणि ही काल आलेली सून म्हणते, मी पायरीपाशी सुसर बघितली. म्हणजे एक तर सून खोटी, नाहीतर माई खोटी. गावानं काय ठरवलं असेल ते सांगायला नको.

त्यातून तिचं माहेर शिराळा. तिथं नागपंचमीला नागाची मिरवणूक निघते, लोक नाग हातात घेऊन फिरतात. त्यावरून बायका पाणवठ्यावर तिला टोचायच्या, "तुमच्यात नाग गळ्यात घालत्यात आन् हितं ओंडक्याला भेतीस व्हय गं?" धुणं चुकवायला केलेलं सोंग, असंच सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

त्या काळी दिवसाउजेडी नवरा-बायकोनं मोठ्यांच्या देखत बोलायचं नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो. ती म्हशीची धार काढत होती.

"तू खरंच बघितलीस?" मी विचारलं.

"न्हाई. सपान पडलं."

भांड्यात धारेचा आवाज चालू होता. मग तीच बोलली. "आवं, साप कुठला आन् काठी कुठली, ते मला शिकवाय नगं. आमच्यात बाया नागाला भाऊ मानून उपास धरत्यात. चरवी इसरली म्हणून मी दुपारची परत गेले. घाटावर चिटपाखरू न्हाई. खालच्या पायरीजवळच्या खडकावर आडवी पसरलेली, तोंड वासून. दात मोजाय बसले असते तर मोजून झालं असतं."

"मग?"

"मग काय? चरवी तिथंच टाकून आले. त्यावरनंबी बोलणी खाल्ली."

मला हसू आलं. तिला नाही आलं. ती म्हणाली, "आत्ता थंडी हाय, दुपारचं कोण तिकडं फिरकत न्हाई. चैतात आडाचं पाणी तळाला गेलं की समद्या बाया दुपारच्या घाटावर. पोरं तर दिसभर पाण्यात. कवा तरी कुणाचं तरी मूल जाईल. आन् तवा म्हणतील, हिनंच बोलून दावलं, हिची जीभ काळी. तुमी रजा संपली की जाणार. हितं मी ऱ्हाणार."

मी तिच्याकडं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. कपाळावर आठी, गालाला म्हशीचे केस चिकटलेले. मला वाटलं, मिसरहून परत आल्यावर ही अशीच समोर पाहिजे. गावाच्या तोंडाला कंटाळून माहेरी गेलेली नको, आणि सुसरीच्या तोंडात गेलेली तर नकोच नको.

"तुमच्या ट्रंकेत काळा डबा हाय," ती म्हणाली. "त्यात दिसतं तसं उमटतं म्हणं. माणसाचं ऐकत न्हाईत. डब्याचं तरी ऐकतील."

डबा म्हणजे कॅमेरा. मिसरमध्ये एका गोऱ्या शिपायाकडून सिगारेटी देऊन घेतलेला. नावाला कॅमेरा, बाकी चौकोनी डबाच. पुढं एक भिंग, बाजूला फोटो ओढायचा खटका आणि रीळ पुढं सरकवायची किल्ली. मागं लाल काचेची खिडकी, तिच्यात कितवा फोटो त्याचा आकडा दिसायचा. वरच्या बाजूला लहानशी काच, तिच्यात समोरचं चित्र दिसायचं, पण उलटं. डावीकडचं उजवीकडं. ऊन कडक नसेल तर त्यात काहीच उमटत नसे. रीळही एकच शिल्लक, त्यातले बरेच फोटो उंटांवर आणि दोस्तांवर उडवलेले. उरले होते तीन.

पण तो डबा घराबाहेर काढायचा कसा? त्या वर्षी आमच्या भागात सरकारच्या विरुद्ध उठलेली पोरं भूमिगत होती. नदीकाठच्या उसात लपायची. अशात फौजेतला गडी हातात कॅमेरा घेऊन काठाकाठानं फिरतोय म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? बापानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "त्यो डबा ट्रंकेतच ऱ्हाऊ दे. खबऱ्या म्हणून कुणी टाळकं फोडील."

वाट तिनंच काढली. सकाळी न्याहारीच्या वेळी ताकाचं गाडगं उचललं आणि सरळ बापाच्या वाकळेवर ओतलं. "आवं माझ्या देवा, हात निसटला," म्हणून कपाळाला हात लावला. बाप ओरडला, "हातं हायती का काय हायती!" आता हिवाळ्याचे दिवस, वाकळ त्याच दिवशी धुऊन वाळायला पाहिजे. चार लुगड्यांची शिवलेली जड वाकळ, भिजली की एकटीला उचलत नाही. मी म्हटलं, बैल धुवायला न्यायचेच आहेत, वाकळ बैलाच्या पाठीवर टाकतो. कॅमेरा वाकळेच्या घडीत घातला. मी पुढं निघालो आणि ती गल्ली सोडून मागनं आली. वेस ओलांडल्यावर बघितलं तर ती तोंडाला पदर लावून हसत होती. ते गाडगं निसटलं नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

हिवाळ्यात आमच्या घाटासमोर नदी दोन अंगांनी वाहते आणि मधे वाळूचं बेट उघडं पडतं. वरच्या अंगाला गुडघाभर पाण्याचा उतार आहे, तिथनं आम्ही बेटावर गेलो. बेट आणि घाट यांच्यात पाण्याची अरुंद पट्टी. बैल बेटाच्या मागच्या बाजूला लव्हाळ्यात बांधले. तिनं वाकळ धुऊन, पिळून वाळूवर पसरली. पिळताना एक टोक मी धरलं, एक तिनं. तिनं असा पीळ दिला की मी पुढं ओढला गेलो. "फौजेत काय खायाला घालत न्हाईत का?" म्हणाली.

मग आम्ही वाळूच्या उंचवट्याआड बसलो. समोर घाट, देवळाचं शिखर, उतरत आलेल्या पायऱ्या, सगळं उन्हात पांढरं पडलेलं. माणूस नाही. ती म्हणाली, "देऊळ यायला पायजे फोटूत. न्हाईतर म्हणतील खालच्या डोहातली हाय. देऊळ, पायरी आन् सुसर, तिन्ही एका ठिकाणी."

"हुकूम," मी म्हटलं.

तशी दुपार मला पुन्हा मिळाली नाही. नदी लहानपणापासूनची माझी, पण पोहायची, बैल धुवायची, मासे धरायची नदी. नुसतं बसून बघायची नदी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. तीही बायकोनं दाखवली म्हणून. मला दगड दिसे, तिला दगडावरचं कासव दिसे. मला लव्हाळं दिसे, तिला त्यात मान ताठ करून उभा राहिलेला बगळा दिसे. एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. ती म्हणाली, "मामंजी धोतर वाळवत्यात तसा." खंड्या पाण्यात पडायचा, चोचीत मासळी घेऊन फांदीवर जायचा, ती आपटून आपटून गिळायचा. मी डबा पोटाशी धरून काचेत बघायला लागलो. पाखरू उजवीकडं उडालं की काचेत डावीकडं जायचं. मी उलटाच फिरायचो. ती तोंडात पदराचा बोळा घालून हसत होती.

"हसतीस काय? तू धरून बघ."

तिनं धरला. काचेत बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आक्खी नदी एवढ्याशात बसली की हो."

तेवढ्यात पाणमांजरं आली. एक मोठं, मागं तीन लहान. पाण्यातनं डोकी काढत, एकमेकांच्या अंगावर पडत, शिट्टीसारखा आवाज करत आमच्यापासून हाकेच्याही आत वाळूवर चढली. अंग वाळूत घासलं, लोळली, थोरल्यानं पिल्लांना मासा फाडून दिला. मला राहवलं नाही. मी खटका ओढला.

"आवं!" ती दबक्या आवाजात खेकसली. "मांजराचा कशाला काढला? मांजरासाठी मी ताक सांडलं व्हय?"

"लय सुंदर होती गं."

"सुंदर असू द्या. आता किती ऱ्हायलं?"

"दोन."

"आता मी म्हणंन तवा वढायचा. डबा तुमचा, डोळं माझं."

तिच्या ओच्यात बोरं होती. एक मला, एक तिला असं करत आम्ही खात बसलो. ती मला मिसरची माहिती विचारायला लागली. तिथं नदी आहे का? म्हटलं आहे, लय मोठी, समोरचा काठ धड दिसत नाही. सुसरी? म्हटलं त्याही आहेत. ती म्हणाली, "मग तिथल्या बाया सांगत असतील तर लोक मानत असतील." मी म्हटलं, "तिथल्या बायांची भाषा मला कळत न्हाई." ती म्हणाली, "तुमाला काय, कुठल्याच बायांची कळत न्हाई." मी आणखी एक बोर तोंडात टाकलं.

ऊन थोडं कललं. मला वाटायला लागलं, आज काही येत नाही. तोच तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. नुसती हनुवटी पुढं केली.

धुण्याच्या दगडापाशी पाण्यावर दोन टेंगळं होती. मघाशी नव्हती. पाणी हलत नव्हतं, टेंगळं मात्र हळूहळू काठाकडं सरकत होती. मग खडकावर पाणी निथळलं आणि ती वर आली. किती लांब होती ते सांगत नाही, तुम्ही म्हणाल म्हातारा फुगवून सांगतोय. आमच्या बैलगाडीच्या साट्यावर मावली नसती एवढं सांगतो. पोट घासत ती पुढं आली, आणि पुढचे दोन्ही पाय आणि मुस्काट तिनं देवळाच्या खालच्या पायरीवर टेकवलं. जिथं आमच्या घरची चरवी घासायला ठेवत, तिथं.

मी लढाईवर होतो, भीती मला नवी नाही. पण ही निराळी होती. डोळ्यापुढं आला तो सकाळचा घाट, त्या पायरीवर उकिडवी बसलेली आई, शेजारी पाय पाण्यात सोडून बसलेली माझी धाकटी बहीण.

"आत्ता," ती म्हणाली.

मी श्वास धरला, डबा पोटाशी दाबला आणि खटका ओढला. टक्.

"आलं?"

"आलं."

"देऊळ?"

"देऊळबी."

"पायरी?"

"अगं आलं सगळं!"

आणि ती हसली. पदराआड नाही, मोकळी हसली. इतक्या दिवसांचं कोंडलेलं हसू, ते घाटावर जाऊन आपटलं. सुसर तेवढ्यानं फिरली आणि आवाज न करता पाण्यात गेली. ही उठून पाण्याच्या कडेपर्यंत धावली आणि तिला म्हणाली, "जा, जा! आता गावलीस!" अंबाडा सुटलेला, पदर खांद्यावर आलेला, लुगड्याचा काठ भिजलेला, मागं देऊळ. मी डबा वळवला.

तिनं मागं बघितलं आणि तळहात पुढं केला. "थांबा की, पदर घेऊ द्या!"

मी थांबलो नाही. टक्.

"मेलं तुमचं फोटू," म्हणाली आणि पदर डोक्यावर ओढला. मग किल्ली शेवटपर्यंत फिरवून मी रीळ काढलं. वाकळ अर्धी ओली, तशीच बैलावर टाकली. घरी गेल्यावर बाप म्हणाला, "एवढा येळ? वाकळ धुतली का नवी शिवली?"

दुसऱ्या दिवशी मी सांगली गाठली. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. सांगलीत एका फोटोवाल्याकडं रीळ दिलं आणि त्याच्या दारात बसून राहिलो. संध्याकाळी तो बाहेर आला आणि म्हणाला, "पाव्हणं, किल्ली फिरवायला विसरलात. एकावर एक दोन फोटो पडलेत. शेवटची जागा कोरी राहिली."

मी कागद हातात घेतला. पाणमांजरं चांगली आली होती. दुसऱ्या फोटोत देवळाची शिखरं दोन दिसत होती, एकाला एक चिकटून. पायऱ्या धुरकट. पायरीवर सुसर होती, स्पष्ट, दात मोजता येतील अशी. आणि सुसरीवर माझी बायको उभी होती. केस मोकळे, लुगड्याचा काठ सुसरीच्या पाठीत मिसळलेला, अंगातनं मागचं देऊळ दिसतंय, आणि तळहात आपल्याकडं रोखलेला.

परतीच्या मोटारीत माझं मन लागेना. परवा निघायचं. रीळ नाही. वेळ नाही. हा फोटो दाखवला तर सुसर राहील बाजूला, लोक म्हणतील, बघा, दिवसाढवळ्या नवरा-बायको नदीवर काय खेळ करत होती.

सकाळी गोठ्यात तिच्या हातात दिला. तिनं उजेडाकडं धरून बघितला. "ही मी?"

"तू."

"आन् ही ती."

"किल्ली फिरवायची राहिली."

मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार, आणि मी त्याला तयार होतो. पण तिनं फोटो परत माझ्या हातात दिला आणि म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकून रडायला लागली. आवाज न करता. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

तेवढ्यात आई शेणाची पाटी घेऊन आत आली. तिनं सुनेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातला कागद बघितला. हात लुगड्याला पुसले आणि कागद घेतला. दारात उजेडाला गेली. जवळ धरला, लांब धरला. मग ती फोटो घेऊन घरात गेली. हातपाय धुतले, देवापुढं बसली, फोटोला हळद-कुंकू लावलं आणि तो पाटावर ठेवून, फुलं वाहून, तसाच घेऊन घाटाकडं निघाली. पाण्याला जायची वेळ होती, सगळ्या बायका तिथं. मी मागनं गेलो.

आई देवळाच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "बाया हो, घागरी खाली ठेवा. माई उठून उभी ऱ्हायलीया. हात बघा तिचा. थांबा म्हणती. माझं वाहन हितं येतंया, माझ्या वाटंतनं बाजूला व्हा म्हणती."

बायका गोळा झाल्या. फोटो हे प्रकरण त्यांतल्या निम्म्यांनी कधी बघितलं नव्हतं. ज्यांनी बघितलं होतं त्यांनी मेलेल्या माणसाचा, खुर्चीत बसवून काढलेला बघितला होता. अंगातनं देऊळ दिसणारी बाई कुणीच बघितली नव्हती. वेशीत मला बंदूक विचारणारी काकू सगळ्यांत आधी पुढं आली आणि पाटावर डोकं टेकवून म्हणाली, "चुकलं गं माय." एक म्हातारी मात्र डोळे बारीक करून म्हणाली, "तोंड कुणासारखं तरी वाटतंय गं."

आई म्हणाली, "देवीचं तोंड बघत्यात का पाय बघत्यात?" म्हातारीनं घाईघाईनं पायाकडं बघितलं. पायाखाली सुसर होती.

दुपारपर्यंत गावातले गडी कुऱ्हाडी घेऊन आले. पुढं माझा बाप. बाभळीच्या काटेरी फांद्या तोडल्या, पाण्यात मेढी ठोकल्या, घाटाच्या खालच्या अंगाला काट्यांचं दाट कुंपण घातलं. त्या आतच पाणी भरायचं, त्या आतच धुणं. पोरांनी पोहायला वरच्या उथळ पाण्यात जायचं. सगळं माईच्या हुकमानं.

मला आनंद झाला. बायकोला नाही. संध्याकाळी आई चुलीपुढं बसली होती, ही उंबऱ्यात उभी राहून बोलली. मी ओट्यावर होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"आत्या, ती माई न्हाई. ती मी हाय. परवा भाकरी करपली म्हणून जिला बोललासा, तीच."

"ठावं हाय मला. मी काय आंधळी हाय? तुझं हिरवं लुगडं मीच घेतलंया."

"मग? मी महिनाभर सांगत हुते तवा कुणी मानलं न्हाई. आन् आता..."

"तू सांगितलंस त्याच दिशी मी मानलं हुतं," आई म्हणाली. "धाकट्या पोरीला त्या दिवसापासनं घाटावर पाठवलीया का मी? पण मी मानून काय हुतंय? मी ह्या घरात आले तवा मीबी सांगितलं हुतं, आडाची कड खचलीया म्हणून. कड पडली तवा मानलं. सुनेचं कोण ऐकत न्हाई, सासूचंबी ऐकत न्हाईत. देवीचं ऐकत्यात. म्हणून म्हणलं, जाऊ दे, दोन दिस देवी हो."

मग बायको आत जाऊन आईशेजारी बसली आणि पिठाची परात आपल्याकडं ओढली. "सरा," म्हणाली. "तुमच्या भाकरीबी काय लय गोल येत न्हाईत."

आई हसली. आमची आई मोठ्यानं हसलेली मला फारशी आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. घाटावरनं वाट होती. ती काट्याच्या कुंपणाच्या आत उभी राहून घागर भरत होती. काकू वाकून तिच्या पायाला हात लावायला लागली, काय कळलं होतं काय माहीत. ही म्हणाली, "पाया काय पडतासा काकू, घागर उचलू लागा." मी ते ऐकत उतार ओलांडला. पुढं लढाई संपेपर्यंत तिच्या काळजीनं माझी झोप मोडली नाही.

त्यानंतर आमच्या घरात तिच्या बोलण्याला कुणी पुरावा मागितला नाही. ती म्हणाली गाय आजच विणार, तर बाप कंदील घेऊन गोठ्यात जाऊन बसायचा. ती म्हणाली हा सोयरा बरा नाही, तर ठरलेलं लग्न मोडायचं. साऱ्या संसारात तिचा शब्द असा वजनाचा राहिला.

शेवटी मात्र तो पुन्हा हलका झाला. यंदाच्या माघात ती मला म्हणाली, "मी काय ह्यो पावसाळा बघत न्हाई." पोरं शिकलेली. मिरजेला नेलं, सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. पोरं म्हणाली, आई, तुला काही झालेलं नाही, उगाच मनात आणतेस. सुना म्हणाल्या, वयानं होतं असं. ती दोन्ही वेळा जेवायची, हिंडायची, मग कुणी का मानावं?

मी मानलं. शेतावर जायचं बंद केलं. पोरं म्हणाली, आबा, तुम्हीच असं धीर सोडून बसल्यावर कसं? मी म्हटलं, धीर सोडून नाही बसलो, तिच्याजवळ बसलोय. सकाळी तिच्याबरोबर अंगणात, दुपारी ओट्यावर. ती बोलायची, मी ऐकायचो. कधी नुसतं रस्त्याकडं बघत बसायचो. एकदा तिनं विचारलं, "सगळी न्हाई म्हणत्यात. तुमाला खरं वाटतंय?"

"वाटतंय," मी म्हटलं.

"मग भ्या वाटत न्हाई?"

"लय वाटतंय."

"मग बरं," ती म्हणाली आणि पाय लांब करून निवांत बसली. ज्येष्ठ सरायच्या आत गेली.